बाहेरून कडी

सिन्ने सतरा वर्षांची असताना आमच्या गावच्या मुलांच्या समितीची अध्यक्ष झाली, तेव्हा तिच्या विरोधात एकच मत पडलं, आणि ते तिचं स्वतःचं होतं. "मला मोठ्यानं बोलता येत नाही," असं तिचं म्हणणं.

"बरंच आहे की," ब्रागे म्हणाला. तो पंधरा वर्षांचा, समितीचा उपाध्यक्ष आणि गावातला सगळ्यात बडबड्या मुलगा. "मोठ्यानं बोलायला मी आहे. तू फक्त मला गप्प करत जा."

ही समिती ज्या संघटनेची, ती सदतीस देशांत आहे. मुलांच्या हक्कांसाठी मुलांनीच चालवलेली. तेरा ते एकोणीस वयाच्या सभासदांना मत असतं, मोठ्या माणसांना नसतं. तरी प्रत्येक समितीला एक मोठं माणूस लागतंच. दार उघडायला, सही करायला आणि कुणी रडलं तर त्याला घरी सोडायला. आमच्या समितीचं ते मोठं माणूस म्हणजे मी, गुन्वोर. गावच्या वाचनालयात काम करते. सभा तिथेच होतात, दर सोमवारी चार वाजता. मला विचारलं नाही तर मी बोलायचं नाही, असा नियम आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी असा नियम पाळायला शिकणं सोपं नव्हतं.

गावाचं नाव मी सांगत नाही. त्रोन्हाइम शहराच्या उत्तरेला गाडीनं दोन तासांवर, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, काठाला आहे. वस्ती साडेचार हजार, शाळा तीन, आणि कोण कुणाचं कोण हे सगळ्यांना पाठ.

तिन्ही शाळांत समितीनं एकेक पेटी ठेवली होती. कुठल्याही मुलानं चिठ्ठी टाकली की दहा दिवसांत तिला हातानं लिहिलेलं उत्तर द्यायचं. हा नियम संघटनेचाच. सिन्नेनं त्यात एक भर घातली: चिठ्ठी सभेत जशीच्या तशी वाचायची, चुकांसकट. "आपण नीट करून वाचली की ती आपली होते," असं ती म्हणाली. दोन वर्षांत साठसत्तर चिठ्ठ्या आल्या असतील. पाऊस असला तरी मधल्या सुट्टीत बाहेर का हाकलता. बाई माझं आडनाव चुकीचं म्हणतात. सातवीची मुलं बर्फाचा ढिगारा बळकावतात. सिन्ने प्रत्येक चिठ्ठी त्याच गंभीर चेहऱ्यानं वाचायची, ब्रागे मधेच काहीतरी पचकायचा, ती पेन्सिल टेबलावर टकटक करायची आणि तो गप्प बसायचा.

नोव्हेंबरात ब्रागेच्या जुन्या शाळेतल्या पेटीत हिरव्या स्केचपेननं लिहिलेली एक चिठ्ठी आली. सिन्ने वाचू लागली.

"मला शांत खोली नको. मी नाही म्हणते तरी नेतात. कडी बाहेरून आहे. मी दहापरेंत शंबर वेळा मोजले. मग मला शू झाली. तिरिल, तिसरी."

ती शेवटच्या ओळीआधी थांबली होती. मग तिनं ती वाचली. पेन्सिल टकटकवायची वेळच आली नाही. मी तोंडावर हात ठेवून बसले होते.

"कुठली खोली?" ब्रागेनं विचारलं. "मी सात वर्षं त्याच शाळेत होतो. शांत खोली कसली? त्या शाळेत शांत जागाच नाही."

"आहे की नाही ते जाऊन बघू," सिन्ने म्हणाली. "आधी तिच्या आईला भेटायचं. गुन्वोर, तू येशील ना?"

तिरिलची आई रान्डी मासळीच्या कारखान्यात कामाला आहे. गुरुवारी आम्ही गेलो तेव्हा ती नुकतीच कामाची पाळी संपवून आली होती, बूट काढत होती. सिन्नेनं चिठ्ठीची नक्कल तिच्या हातात दिली. रान्डीनं ती उभ्यानं वाचली, मग तिथेच बुटांच्या बाकावर बसली.

"मला म्हणाले आरामाची खोली आहे," ती म्हणाली. "उशा आहेत, मंद दिवा आहे. वर्गात फार गोंगाट झाला की तिला तिथे बरं वाटतं, असं सांगितलं. मी सही केली. मी... सही केली ना गं मी."

तिरिल आतल्या दारात उभी होती. एका पायात लोकरी मोजा, दुसरा पाय उघडा. "उशा नाहीत," ती म्हणाली. "निळी गादी आहे. व्यायामाच्या तासाची."

दुसऱ्या दिवशी रान्डीची लेखी संमती घेऊन आम्ही दोघी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका सोल्फ्रिड मला पंचवीस वर्षांपासून ओळखते. आम्ही एकाच गायनमंडळात गातो. तिनं कॉफी दिली. चिठ्ठी वाचून तिनं सुस्कारा टाकला.

"तिरिल गुणी आहे, पण तिचा भडका उडतो. खुर्च्या फेकते. बाकीच्या बावीस मुलांचाही हक्क आहे ना, सिन्ने? तो तुमच्या समितीत कोण मांडतं?"

"आम्हीच मांडतो," सिन्ने म्हणाली. "खोली बघू?"

"बघा ना. लपवण्यासारखं काही नाही."

आणि खरंच, तिनं काही लपवलं नाही. मला आजही सगळ्यात जास्त त्याचंच नवल वाटतं. ती आम्हाला व्यायामशाळेमागच्या बोळात घेऊन गेली, बाकांचा ढीग ओलांडला, आणि जणू नवं ग्रंथालय दाखवावं तसं दार उघडलं. आत दोन पावलं लांब, दीड पाऊल रुंद जागा. निळी गादी. छताजवळ काचेची एक पट्टी. दाराला आतून मूठच नव्हती. मी आत डोकावले. गावातल्या मुलांना मी गोष्टी वाचून दाखवते. यातली किती इथून उठून माझ्याकडे आली असतील?

सिन्ने आत गेली नाही. दाराशीच वाकून ती कडी बघत होती. कडी पितळी, हाताच्या पंजाएवढी. तिनं ती एका बोटानं सरकवली. जरासुद्धा आवाज झाला नाही. मग तिनं दाराच्या आतल्या बाजूवर, खालच्या भागात, तळहात फिरवला. हळूहळू, जणू कुणाच्या पाठीवरून. ती उठली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, खोली बघून.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "गुन्वोर, ते स्क्रू बघितलेस?"

"कुठले स्क्रू?"

"कडीचे. चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या होत्या. बरोबर उभ्या, एका रेषेत. असं कोण करतं?"

मला समजेना. ती समोरच्या काचेकडे बघत होती. "माझ्या पलंगाचे स्क्रू तसेच आहेत. आमच्या दारांचे, कपाटांचे, टपालपेटीचे. एकही खाच तिरकी राहिली तर तो काम पुरं झालं म्हणत नाही."

सिन्नेचे वडील योस्टाइन गावच्या तिन्ही शाळांच्या इमारतींची देखभाल करतात. सुतारकाम, कुलपं, नळ, सगळं. आई वेगळी होऊन बुडो शहरात राहते, घरात बापलेकी दोघंच, आणि कुत्रा. योस्टाइन म्हणजे कसा माणूस, तर वाचनालयातली लहान मुलांची खुर्ची मोडली तर तो ती सुट्टीच्या दिवशी येऊन दुरुस्त करून जायचा, आणि कोपरे पॉलिश कागदानं घासून द्यायचा, कुणाला लागू नये म्हणून.

त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्या गावात घरोघरी टॅको असतात, त्यांच्याकडेही होते. पुढचं मला सिन्नेनं सांगितलं, आणि बऱ्याच महिन्यांनी योस्टाइननंही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचाही फरक नव्हता.

तो काकडी चिरत होता. तिनं कोट न काढताच विचारलं, "बाबा, व्यायामशाळेमागच्या खोलीची कडी तू बसवलीस?"

"हो. दोन वर्षं झाली असतील. का? अडकते का?"

"आत मुलांना ठेवतात, बाबा."

तो चिरतच राहिला. "सोल्फ्रिड म्हणाली होती, सामानाची खोली."

"सामानाच्या दाराची आतली मूठ काढायला सांगतात?"

"सांगितलं. काढली."

"आणि दाराला आतून रंग कुणी दिला?"

सुरी थांबली.

"किती वेळा दिलास, बाबा?"

"तीनदा."

"का?"

"पोचे पडले होते. लांबी भरून बुजवले, घासलं, रंग दिला."

"केवढ्या उंचीवर?"

त्यानं सुरी खाली ठेवली आणि हात धरून दाखवला. हात त्याच्या गुडघ्याच्या जरासा वर आला. तो स्वतःच त्या हाताकडे बघत राहिला.

"सामान लाथा मारतं का रे बाबा?" सिन्ने म्हणाली. ती आयुष्यात पहिल्यांदाच ओरडली होती.

"मी विचारलं नाही," योस्टाइन म्हणाला. "मला बोलावलं, मी गेलो. मी विचारलं नाही, पोरी."

तव्यावरचा खिमा करपायला लागला होता. योस्टाइननं हत्यारांची पेटी उचलली. "आत्ताच्या आत्ता काढून टाकतो ती. पाच मिनिटांचं काम."

सिन्ने दारात आडवी उभी राहिली. "हात लावायचा नाही. तू जाऊन काढलीस की सोमवारी तिथे चार बुजवलेली भोकं असतील, वर रंग. आणि सगळे म्हणतील, तिथे काही नव्हतंच. राहू दे ती. सगळ्यांना बघू दे."

ती पिशवी घेऊन माझ्याकडे आली, ती आठवडाभर राहिली. शनिवारी सकाळी पावाला ब्राउन चीज लावता लावता तिनं मला विचारलं, "समितीला काय सांगू?"

विचारलं म्हणून मी बोलले. आणि जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणाले, "वैयक्तिक कारणानं या विषयापुरती बाजूला होते, एवढंच सांग. कुणी खोदून विचारणार नाही. गाव लहान आहे गं, त्याला इथेच राहायचं आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, चकित होऊन. "म्हणजे मीही विचारायचं नाही, कुणीच विचारायचं नाही. असंच ना, गुन्वोर?"

मी उठून कॉफीचं भांडं उगाचच विसळलं.

सोमवारी समितीचे सातही जण हजर होते. सिन्नेनं सभा सुरू केली, मागच्या सभेचा वृत्तांत मंजूर करून घेतला. मग हात मांडीवर ठेवून, नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, "तिसरा विषय तिरिलची चिठ्ठी. या विषयात मी अध्यक्ष राहू शकत नाही आणि खोलीतही थांबू शकत नाही. त्या दाराची कडी माझ्या बाबानं बसवली आहे. दाराला आतून पडलेले पोचे त्यानं तीनदा बुजवले आहेत. हे वृत्तांतात लिहा."

लिहिणाऱ्या मुलाचं पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं, आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला. ब्रागेकडे मी बघितलं. हा आता काहीतरी बोलून बसणार, अशी मला धास्ती होती. तो उठला, तिची खुर्ची मागे ओढून तिला वाट करून दिली, आणि तिच्या जागी बसला. "लिहिलं का?" एवढंच त्यानं विचारलं.

सिन्ने बाहेर बालविभागात जाऊन बसली. चार वर्षांच्या मुलांच्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन. काचेतून मला तिची पाठ दिसत होती.

समितीनं ठराव केला, की सुताराला बोलावून विचारावं. यायची सक्ती नाही. मला वाटलं, तो काही येणार नाही.

गुरुवारी योस्टाइन आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात कामाची डायरी. सहा मुलांसमोर तो उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. डायरीतून तारखा वाचल्या. कुणी काम सांगितलं, काय शब्दांत सांगितलं, कडी केव्हा बसवली, रंग केव्हा केव्हा दिला. मग पान उलटलं आणि पुढे वाचू लागला.

"थांब, थांब," ब्रागे म्हणाला. "ही तारीख आधी येऊन गेली का? हे परत तेच दार आहे ना?"

"नाही. हे दुसऱ्या शाळेचं." योस्टाइननं डायरीतून डोकं वर काढलं नाही. "आणि त्याच्या पुढचं तिसऱ्या."

तोपर्यंत आम्हाला वाटत होतं, एक खोली आहे. एक मुख्याध्यापिका, एक चूक. गावात तीन शाळा आणि तिन्हींत बाहेरून कडी. ब्रागे पाणी प्यायला उठला आणि पेला हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याचा धाकटा भाऊ त्या दुसऱ्या शाळेत आहे.

समितीतली सगळ्यात लहान मुलगी तेरा वर्षांची. तिनं हात वर केला. "तू कधी आत बसून पाहिलंस? दार लावून?"

"नाही," योस्टाइन म्हणाला. "बाहेरूनच तपासलं. घट्ट बसतंय का, एवढंच."

त्या डायरीच्या पानांच्या नकला, खोलीचे फोटो आणि चिठ्ठी असं सगळं समितीनं प्रांताच्या शिक्षण कार्यालयाला पाठवलं. तिरिलला दहा दिवसांच्या आत उत्तर गेलं. सिन्ने या विषयातून बाहेर होती म्हणून ब्रागेनं लिहिलं, आणि मला वाचायला दिलं. "प्रिय तिरिल, तू लिहिलंस ते खरं आहे. आम्ही खोली बघितली. कुणालाही तसं कोंडायची परवानगी नाही. तुझी चूक नाही. शू झाली त्यातही नाही. मला सहावीत झाली होती, सहलीच्या बसमध्ये, सगळ्यांसमोर." त्यानं हे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

तपासणीची माणसं डिसेंबरात आली. नाताळच्या सुट्टीआधी तिन्ही खोल्या बंद करायचा हुकूम निघाला. दारं त्यांनीच काढायला लावली, फोटो काढून झाल्यावर. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. सोल्फ्रिड रजेवर गेली आणि परत आली नाही. गायनमंडळात तिची जागा अजून रिकामी आहे. मला तिचा राग येतो आणि तिचा आवाजही आठवतो. गाव दोन्ही बाजूंनी बोललं. दुकानात दुधाच्या कपाटाशी एका बाईनं सिन्नेला गाठून म्हटलं, "स्वतःच्या बापाला चव्हाट्यावर आणायला जिवावर कसं नाही आलं गं तुझ्या?" सिन्ने म्हणाली, "आलं होतं," आणि दूध घेऊन निघून गेली.

योस्टाइनची नोकरी राहिली. जानेवारीत एकदा तो रान्डीच्या दारी गेला. रान्डीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, उंबरठ्यावरच. "मीही सही केली होती," ती म्हणाली, "पण तू आत येऊ नकोस." आणि दार लावलं. तो म्हणतो, ती बरोबरच होती.

बापलेकी एका घरात राहत होती, पण बोलणं टायरबद्दल, बर्फ काढण्याबद्दल, कुत्र्याबद्दल. शुक्रवारी ती आधी जेवायची, तो नंतर.

एप्रिलमध्ये संघटनेची वार्षिक बैठक बेल्जियममध्ये, गेंटला भरली. प्रत्येक देशातून एका समितीचा अध्यक्ष आला होता. मी सोबत होते. प्रत्येकाला आपल्या कामाबद्दल पाच मिनिटं. सिन्नेनं सगळं सांगितलं, बापासकट. मग तिनं लिहून आणलेला कागद खाली ठेवला आणि विचारलं, "तुमच्या शाळेत, किंवा तुम्हाला माहीत असलेल्या शाळेत, अशी खोली आहे का? असेल तर हात वर करा."

मला वाटलं, एखाददुसरा. पहिला हात उजवीकडच्या कोपऱ्यात वर झाला, भीतभीत. मग पुढच्या रांगेत. मग मागे, मधे, परत मागे. काही जण आधी शेजारच्याकडे बघत होते, त्याचा हात वर गेला की आपला नेत होते. एक मुलगा हात वर करून रडत होता. मी मोजायला सुरुवात केली आणि एकोणिसाला थांबले, कारण पुढचं नीट दिसेना. व्यासपीठावर सिन्ने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उभी होती. इतके हात वर होतील असं तिलाही वाटलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत आम्ही कालव्याच्या कठड्याशी गेलो. मी तिला गरम वॉफल आणून दिलं, तिनं ते हातात नुसतं धरलं. मग खिशातून फोन काढला.

"बाबा? मी." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, बरी आहे. ऐक. मी विचारलं, अशी खोली कुठे कुठे आहे. वीस तरी हात वर झाले. वीस देश, बाबा."

मग योस्टाइनचा आवाज आला, मलाही ऐकू गेला. "म्हणजे वीस ठिकाणी कुणीतरी दारं करून दिली."

सिन्नेनं वॉफल माझ्या हातात दिलं आणि पेन काढलं. "सांग मला. अशी खोली ओळखायला बाहेरून बघणाऱ्यानं काय बघायचं? एकेक सांग, हळू. मी लिहून घेते."

तो सांगू लागला. दिव्याचं बटण दाराच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. बिजागऱ्या कशा आहेत. खोली इमारतीच्या नकाशात आहे की नाही. तिनं मधेच विचारलं, "थांब, बिजागरीचं परत सांग," आणि त्यानं परत सांगितलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी ती लिहीतच होती.

तो कागद संध्याकाळच्या आत सगळ्या समित्यांकडे गेला. उन्हाळ्यापर्यंत त्यावरून पाच खोल्या सापडल्या. सिन्ने आता त्रोम्सोला विद्यापीठात शिकते आणि अध्यक्ष ब्रागे आहे. योस्टाइन अजून वाचनालयात येतो, खुर्च्या दुरुस्त करतो. फक्त आता काम सांगितलं की आधी विचारतो, "हे कशासाठी हवं आहे?" लोकांना त्याचा कंटाळा येतो.